घोटा दुसऱ्यांदा मुरगळलाय, निवड चाचणी तीन आठवड्यांवर आलीये, उतरू का मॅटवर?

प्रश्न थोडक्यात असा आहे. २२ वर्षांचा कबड्डीतला चढाईपटू, पाच आठवड्यांपूर्वी मॅटवर सराव करताना डावं पाऊल आत वळलं, मागच्या वर्षीही तोच पाय. एक्स-रे नॉर्मल. डॉक्टरांनी क्रेप बँडेज, गोळ्या आणि दहा दिवस आराम सांगितला. आता चालताना दुखत नाही, मैदानाला सरळ चकरा मारताना पण काही वाटत नाही, फक्त वळताना पाय निसटल्यासारखा वाटतो. आजी रोज गरम तेलाने चोळून देते. जिल्ह्याची निवड तीन आठवड्यांवर आहे आणि कोच म्हणतायत टेप मार आणि उतर. तर एमआरआय काढू का, टेप पुरेल का, खेळू का?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. आज मॅटवर उतरू नकोस. तीन आठवड्यांनी उतरशील का, हे आज मी सांगू शकत नाही आणि तुझे कोचही सांगू शकत नाहीत. मी गेली बरीच वर्षं फिजिओ म्हणून कबड्डी आणि खो-खोच्या पोरापोरींचे घोटे बघते आणि सगळे एकच विचारतात, "मॅडम, किती दिवस?" दिवसांवर घोटा चालत नाही रे. कुणी तीन आठवड्यांत तयार होतो, कुणी तीन महिन्यांत नाही होत. तो तयार झालाय का हे काही मापं घेऊन कळतं, ती मापं घरच्या घरी घेता येतात, आणि दुखणं थांबलं हे त्यातलं फक्त पहिलं माप आहे. तू तिथेच थांबलायस. मागच्या वर्षीही बहुतेक तिथेच थांबला असशील, म्हणून यंदा परत मुरगळला.

आधी झालंय काय ते समजून घे, म्हणजे पुढचे व्यायाम कंटाळवाणे वाटले तरी सोडणार नाहीस. घोट्याच्या बाहेरच्या बाजूला तीन लिगामेंट असतात, म्हणजे हाडाला हाडाशी बांधून ठेवणारे चिवट पट्टे. पाऊल खाली झुकलेलं असताना आत वळलं की सगळ्यात पुढचं लिगामेंट आधी ताणतं किंवा फाटतं, जोर जास्त असेल तर त्याच्या जोडीला मधलं, मागचं सहसा वाचतं. एक्स-रेत लिगामेंट दिसतच नाही, त्यामुळे रिपोर्ट नॉर्मल आला म्हणजे हाड मोडलं नाही एवढंच कळलं. फाटलेले धागे काही आठवड्यांत जुळतात पण ते पूर्ण दमाचे व्हायला कित्येक महिने जातात, कधी वर्षही.

पण ढिलं लिगामेंट हा अर्धाच भाग झाला. या लिगामेंटमध्ये आणि सांध्याच्या आवरणात मज्जातंतूंची टोकं असतात, पाऊल कुठल्या कोनात आहे ही खबर ती मेंदूला देत असतात. दुखापतीत ती पण मार खातात. फ्रीमन नावाच्या ब्रिटिश सर्जननी १९६५ मध्येच हे मांडलं होतं, की घोटा सारखा दगा देतो तो नुसता लिगामेंट ढिलं झाल्याने नाही तर ही खबर बिघडल्याने पण, आणि उपाय म्हणून त्यांनी डुगडुगणाऱ्या फळीवर तोल सांभाळायचे व्यायाम सुचवले होते. आजही तेच करून घेतो आम्ही, फळ्या जरा महाग झाल्यात इतकंच.

आता यातली मेख बघ. पाऊल आत वळायला सेकंदाचा दहावा भागही लागत नाही. पायाच्या बाहेरच्या कडेला जे पेरोनियल स्नायू आहेत त्यांचं काम पावलाला परत बाहेर खेचायचं, पण मुरगळायला लागल्यावर खबर जाणार, मग स्नायू आवळणार, तोवर जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. म्हणजे पाय टेकायच्या आधीच ते स्नायू तयार पाहिजेत. हे ताकदीने होत नाही, सवयीने होतं, आणि सवय फक्त तशाच हालचाली शेकडो वेळा करून लागते. तू सरळ चकरा मारतोयस त्यात या स्नायूंना काही कामच नाहीये, म्हणून तिथे बरं वाटतं आणि वळलास की निसटतो.

एमआरआयचं सांगते. सगळ्यांना लागत नाही, तुला बहुतेक नाही लागणार, पण आधी दोन-तीन गोष्टी तपासून घे. पोटरीच्या मध्यावर दोन्ही बाजूंनी हाताने दाब, नडगीचं हाड आणि बाहेरचं बारीक हाड एकमेकांकडे दाबल्यासारखं. तिथे दाबल्यावर कळ खाली घोट्याच्या वर पुढच्या बाजूला आली, किंवा पाऊल बाहेरच्या दिशेला फिरवल्यावर तिथेच दुखलं, तर ही साधी मुरगळ नाही, ही वरची दुखापत आहे, दोन हाडांना जोडणारं लिगामेंट गेलेलं असू शकतं. कबड्डीत हे होतं कारण कोपरारक्षक घोटा धरून ठेवतो आणि चढाईपटू मध्यरेषेकडे जायला अंग फिरवतो, पाऊल तिथेच आणि नडगी फिरते. याला साध्या मुरगळीपेक्षा खूप जास्त वेळ लागतो आणि तसं निघालं तर या निवडीचा विषय सोडून दे, ऑर्थोपेडिककडे जा. दुसरं, सांध्याच्या आत खोलवर दुखतंय, मध्येच अडकल्यासारखं होतंय, रोज संध्याकाळी सूज येतेय असं असेल तर आतल्या हाडाच्या कुर्च्याला मार लागलेला असू शकतो. तिसरं, बाहेरच्या घोट्याच्या मागे काहीतरी टकटक सरकतंय असं वाटलं तर स्नायूची दोरी जागेवरून घसरतेय. यातलं काहीही असेल तर एमआरआय काढायला पैसे घाल, नसेल तर तेच पैसे चांगल्या बुटांना वापर.

आणि ज्यांचा घोटा काल-परवाच मुरगळलाय आणि हे वाचतायत त्यांच्यासाठी, एक्स-रे कधी काढायचा याचे साधे नियम आहेत, कॅनडातल्या ओटावा शहरात १९९२ च्या सुमारास तयार झालेले आणि आज जगभर वापरात असलेले. आतल्या किंवा बाहेरच्या घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेला किंवा टोकाला, खालच्या सहा सेंटिमीटरमध्ये, बोटाने दाबून दुखत असेल, करंगळीच्या रेषेत पावलाच्या मध्यावर जे हाड बाहेर येतं तिथे किंवा आतल्या बाजूला कमानीच्या वरच्या हाडावर दुखत असेल, किंवा चार पावलं पण टाकता येत नसतील, तर एक्स-रे काढायचाच. लंगडत का होईना चार पावलं टाकता आली आणि हाडावर कुठेच दुखत नाही तर फ्रॅक्चरची शक्यता फारच कमी.

आजीच्या मालिशला नाव ठेवणार नाही मी. पण पहिल्या तीन-चार दिवसांत गरम तेलाने चोळणं आणि शेकणं यानं सूज वाढते, आणि गावात "नस चढवून देतो" म्हणून पाय ओढणारे असतात त्यांच्याकडे तर अजिबात जायचं नाही, अर्धं फाटलेलं पूर्ण फाटायला तेवढं पुरतं. आता पाच आठवड्यांनी पोटरीला हलकं मालिश चालेल, बरं वाटतं, झोप चांगली लागते. फक्त त्याने घोटा खेळायला तयार होत नाही. आंबेहळदीच्या लेपाचं पण तेच. बर्फाबद्दल म्हणशील तर पहिल्या दिवसांत ठणका कमी करायला कपड्यात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं ठीक आहे. ज्या डॉ. गेब मिर्किननी १९७८ मध्ये आराम-बर्फ-दाब-उंची हा फॉर्म्युला प्रसिद्ध केला त्यांनीच नंतर सांगितलं की बर्फ आणि पूर्ण आराम याने भरून यायला उलट उशीर होऊ शकतो. आता पाचव्या आठवड्यात तुला बर्फाचा तसाही फारसा उपयोग नाही.

आता मुद्द्यावर, मापं. २०२१ मध्ये वेगवेगळ्या देशांतल्या तज्ज्ञांनी मिळून घोट्याच्या मुरगळीनंतर परत खेळायला सोडताना काय काय बघायचं हे ठरवलं, त्यात दुखणं, घोट्याची हालचाल आणि ताकद, खेळाडूला स्वतःला काय वाटतं, तोल आणि ताबा, आणि प्रत्यक्ष खेळातली कामगिरी अशा पाच गोष्टी आहेत. मी त्याच क्रमाने जात नाही, कबड्डीवाल्याला काय लागतं त्या क्रमाने सांगते.

पहिलं भिंतीचं माप. अनवाणी भिंतीकडे तोंड करून उभा राहा, अंगठा भिंतीपासून जरा लांब, टाच न उचलता गुडघा पुढे नेऊन भिंतीला लाव. लागला की पाऊल अजून थोडं मागे घे. जिथवर टाच न उचलता गुडघा टेकतो तिथे अंगठ्यापासून भिंतीपर्यंत पट्टीने मोज. दहा सेंटिमीटरच्या आसपास असेल तर साधारण चांगलं, पण खरी तुलना उजव्या पायाशी. दोन्ही पायांत दीड-दोन सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक नको. तू म्हणशील यात काय एवढं, पण माझ्याकडे येणाऱ्या दुसऱ्यांदा मुरगळलेल्या पोरांपैकी बहुतेकांचं इथेच गाडं अडलेलं असतं. घोटा पुढे वाकत नाही म्हणून चढाईत नीट खाली बसता येत नाही, मग टाच लवकर उचलते, आणि टाच उचललेल्या पावलालाच आत वळायची घाई असते. कमी भरलं तर रोज दोनदा, पाऊल पायरीवर ठेवून गुडघा करंगळीच्या दिशेने पुढे ढकलायचा, घोट्याच्या पुढच्या बाजूला सायकलची जुनी ट्यूब अडकवून मागे खेचलेली असेल तर अजून चांगलं, शिवाय पोटरीचा ताण गुडघा सरळ ठेवून आणि वाकवून दोन्ही प्रकारे.

दुसरं टाचा उचलणं. पायरीच्या कडेवर एका पायावर उभा राहा, गुडघा सरळ, बोटाने भिंतीचा नुसता आधार, पूर्ण वर आणि पूर्ण खाली, दोन सेकंदांना एक या लयीत. २५ व्हायला पाहिजेत, निदान उजव्याच्या नव्वद टक्के तरी. आकड्यापेक्षा मागून कुणाला तरी बघायला सांग, किंवा मोबाईल जमिनीवर ठेवून व्हिडिओ घे. वर जाताना वजन करंगळीकडे सांडतंय का, टाच डुगडुगतेय का. वजन अंगठ्याच्या मुळावर राहिलं पाहिजे. तीस काढल्या पण सगळ्या करंगळीवर, तर त्या तीस नाहीत.

तिसरं तोल. डाव्या पायावर उभा राहून डोळे मिटायचे, अर्धा मिनिट. सोपं वाटतंय ना, करून बघ. मग खडूने जमिनीवर रेघ मार, डाव्या पायावर उभं राहून उजव्या पायाचा अंगठा पुढे जितका लांब नेता येईल तितका ने, जमिनीला हलकाच लाव, वजन न टाकता परत ये. माप घे. मग पाय बदल. दोन्हीत चार सेंटिमीटरच्या वर फरक असेल तर पाय तयार नाही. यातच मागे-तिरपं डावीकडे आणि मागे-तिरपं उजवीकडे असं पण करायचं. हा नुसता टेस्ट नाहीये, हाच व्यायाम आहे, आणि नीट बघितलंस तर बोनस घेताना तू हेच करतोस. एक पाय बोनस रेषेच्या पलीकडे टेकलेला, मागचा पाय हवेत, सगळं अंग एका घोट्यावर, आणि त्याच क्षणी कोपरारक्षक धावून येतोय म्हणून उलटं फिरायचंय. कबड्डीत याच्याहून अवघड काम घोट्याला दुसरं नाही. उजव्या पायाने टो टच मारतोस तेव्हा पण उभा डावा असतो, मारणाऱ्या पायाकडे सगळे बघतात आणि मुरगळतो उभा.

चौथं लंगडी. हो, तीच. डाव्या पायाने एक लांब उडी, मग सलग तीन, उजव्याशी तुलना, नव्वद टक्के तरी पाहिजे. मग जमिनीवर एकमेकांपासून तीस सेंटिमीटरवर दोन रेघा ओढून त्यांच्यावरून बाजूला-बाजूला लंगडी, जाऊन-येऊन दहा वेळा, वेळ लाव. मग पाच मीटरवर दोन चपला ठेवून त्यांच्याभोवती इंग्रजी आठच्या आकड्यात लंगडी. लांब उडी बऱ्याच जणांना जमते, घोटा पकडला जातो तो बाजूच्या लंगडीत आणि आठच्या आकड्यात. आणि कान दे, उजव्या पायावर उतरताना आवाज कमी आणि डाव्यावर धप्पकन येत असेल तर माप सारखं असलं तरी पाय अजून झेलत नाहीये.

या चारही गोष्टी आधी ताज्या पायाने कर, मग एखाद्या दिवशी पूर्ण सराव झाल्यावर दमलेल्या पायाने परत कर. मॅच वीस-वीस मिनिटांच्या दोन हाफची असते आणि सगळ्यात अंगावर येणारी चढाई शेवटच्या पाच मिनिटांत करायला लागते. ताज्या पायाचं सर्टिफिकेट तिथे चालत नाही.

ताकदीसाठी बाहेरच्या स्नायूंचं काम वेगळं करायचं. सायकलची ट्यूब टेबलाच्या पायाला बांध, दुसरं टोक पावलाला, पावलाची बोटं थोडी खाली झुकवलेली, आणि पाऊल बाहेर खेचायचं झटक्यात, परत यायचं मात्र हळू, मोजून चार सेकंद. परत येतानाचाच भाग कामाचा, सगळे तोच सोडून देतात. पंधरा-पंधराचे तीन सेट, दिवसाआड. कुशीवर झोपून वरचा पाय उचलायचा कंबरेचा व्यायाम पण जोडीला, कारण कंबर ढिली असेल तर गुडघा आत पडतो आणि पाऊल बिचारं हिशोब जुळवत बसतं.

आता हे तीन आठवड्यांत कसं बसवायचं. पहिला आठवडा रोज भिंत, टाचा, ट्यूब आणि तोल, तोल आधी जमिनीवर मग उशीवर, मग उशीवर उभं राहून मित्राने चेंडू फेकायचा आणि तू झेलायचास. पळणं सरळ चालू ठेव, उड्या दोन्ही पायांवर. आठवडा संपेपर्यंत लंगडी जागच्या जागी सुरू. दुसऱ्या आठवड्यात बाजूला सरकणं, पळता पळता दोन पावलांत थांबणं, पंचेचाळीस अंशात वळणं मग नव्वद अंशात, आणि समोर कुणी नसताना चढाई. चढाईत आधी तुला माहीत असलेली हालचाल, की आता बोनसला जाऊन मागे येणार, मग शिट्टीवर किंवा मित्राने हात दाखवला त्या दिशेला. हा फरक फार मोठा आहे, डोक्यात ठरवून वळणं वेगळं आणि समोरच्याला बघून वळणं वेगळं, घोटा दुसऱ्यात मुरगळतो. आणि मागे पळायचा सराव कर, भरपूर. चढाईपटू अर्धा वेळ उलटा पळत असतो आणि कुठलाही जिमवाला तुला उलटं पळायला सांगणार नाही.

तिसऱ्या आठवड्यात अंगाला अंग. सुरुवात बसून, मित्राने दोन्ही हातांनी तुझा घोटा धरायचा आणि तू तो सोडवायचास, आधी पन्नास टक्के जोराने. मग उभं राहून. मग एक कोपरा आणि तू. मग दोघांची साखळी. मग पूर्ण सात. हा टप्पा न करता थेट निवडीला गेलास तर पहिली घोटा पकड हीच तुझी पहिली टेस्ट, आणि समोरचा पोरगा पण निवडीलाच आलाय, तो काही तुझ्या लिगामेंटची काळजी घेणार नाही.

दुखण्याचं गणित साधं ठेव. शून्य ते दहा असं माप धर, व्यायाम करताना तीनपर्यंत दुखलं तर चालतं, पण दुसऱ्या दिवशी सकाळी उठून पहिली पावलं टाकताना कालच्यापेक्षा जास्त आखडलं किंवा सूज वाढली तर काल जास्त झालं, एक दिवस मागे जायचं. सूज डोळ्याने बघू नकोस, शिंप्याच्या टेपने घोट्याभोवती आणि पावलाखालून आठच्या आकड्यात मोज, रोज एकाच वेळी. गोळी खाऊन सराव करायचा नाही, सामन्याआधी तर नाहीच, कारण मग हे गणितच बंद पडतं.

टेपबद्दल. दोनदा मुरगळलेल्या घोट्याला आधार देण्याचा फायदा आहे, यावर आता फारसा वाद नाही. पुढचं वर्षभर सराव आणि सामना दोन्हीला टेप नाहीतर लेसवाला ब्रेस वापर असंच मी सांगेन. पण टेप घामाने अर्ध्या तासात सैल होते, म्हणजे दुसऱ्या हाफला ती नावापुरती असते, आणि रोज मारायची तर खर्च पण येतो, म्हणून मी ब्रेसला झुकते. मॅटवर कडक प्लास्टिक किंवा धातूच्या पट्ट्यांचा नको, समोरच्याला लागतो, मऊ लेसवाला घे आणि पंचांना आधी दाखवून ठेव. अजून एक, एका पायाला टेप म्हणजे समोरच्या कोपऱ्याला आयतं कळतं कुठे धरायचं. दोन्ही पायांना सारखे उंच मोजे घाल, आधार आतून. तर कोचना सांग की टेप मारणारच आहे, पण ती व्यायामाच्या जोडीला, व्यायामाच्या ऐवजी नाही. बरेच कोच ऐकतात, त्यांना आकडे दाखवले की. भिंतीचं माप आणि लंगडीची वेळ वहीत लिहून ने, "दुखतंय" म्हणशील तर त्यांना तो बहाणा वाटतो.

मॅट आणि मातीचा फरक पण लक्षात घे. मातीवर अनवाणी पाय थोडा घसरतो आणि त्या घसरण्यात बराच जोर जिरून जातो. मॅटवर रबरी तळव्याचा बूट चिकटतो, पाऊल तिथेच आणि अंग पुढे. परत सुरुवात करताना आधी मातीवर चार दिवस काढ, मग मॅटवर ये. आणि जुन्या मॅटचे जोड उघडे पडलेले असतात, विशेषतः लॉबीच्या कडेला, सरावाआधी एक फेरी मारून ते दाबून घ्यायला काही लागत नाही.

निवडीच्या साधारण पाच दिवस आधी सगळी मापं एकदम घे, ताज्या पायाने आणि दमून. दोन्हीत जमलं, पूर्ण सातांच्या विरुद्ध दोन-तीन सराव सामने झाले आणि दुसऱ्या सकाळी घोटा गप्प राहिला, तर जा. मापं जमली पण चढाईत अजून डाव्या पायावर वजन टाकायला मन कचरतंय, तर त्याला पण मी नापासच धरते. कचरणारा माणूस अर्धवट पाय टेकतो आणि अर्धवट टेकलेलाच पाय वळतो. तुझं वय २२ आहे, पुढच्या वर्षी पण जिल्हा आहे. पहिल्यांदा मुरगळलेल्या बऱ्याच जणांचा घोटा पुढे कायमचा दगाबाज होतो, काही अभ्यासांत हे प्रमाण ४० टक्क्यांपर्यंत गेलंय, आणि तू तर दुसऱ्या फेरीत आहेस.

निवड झाली न झाली तरी तोलाचे व्यायाम पुढे निदान आठ आठवडे चालू ठेव, आठवड्यातून तीनदा, दात घासताना एका पायावर उभा राहिलास तरी सुरुवात झाली. नेदरलँडमध्ये मुरगळून बऱ्या झालेल्या ५२२ खेळाडूंवर हे करून बघितलंय, २००९ मध्ये ते छापून आलं. निम्म्यांना नेहमीच्या उपचारांच्या जोडीला घरी आठ आठवडे तोलाचे व्यायाम दिले, देखरेखीला कुणी नाही. वर्षभरात व्यायाम न दिलेल्यांपैकी ३३ टक्क्यांचा घोटा परत मुरगळला, व्यायाम दिलेल्यांत २२ टक्क्यांचा. महागडं मशीन नाही, इंजेक्शन नाही, फळी आणि स्वतःचा पाय.

बूट कुठले घेऊ असं विचारणार असशील तर, पळायचे जाड टाचेचे बूट मॅटवर घालू नकोस, उंच टाच म्हणजे घोट्याला आत वळायला अजून जागा. पातळ सपाट तळवा, टाचेला घट्ट बसणारा, आणि तळव्याचं रबर झिजलं की बदल. आज रात्री भिंतीचं माप आणि टाचांचा आकडा घे, दोन्ही पायांचं, आणि पोटरी दाबून काय वाटतं ते पण, हे तिन्ही लिहून कळव म्हणजे लंगडी लगेच सुरू करायची की चार दिवस थांबायचं ते सांगते.